रांगेतली जागा

नववीच्या जमातीत आम्ही कलिल शिकवत होतो. एकाने विचारले, "सर, कण कायम विखुरलेलेच राहतात?"

नाही. १८८८ साली रायनिट्झर यांना आढळलेल्या द्रवस्फटिकांचे रेणू वाहतात, तरी एकाच दिशेला कललेले असतात. तापवले की ही शिस्त मोडते आणि त्यातले सूक्ष्म कण मोकळे विखुरतात. थंड होताना रेणू पुन्हा रांग धरतात, तेव्हा कण अनेकदा बाहेर ढकलले जाऊन एकीकडे गोळा होतात. पण १९९७ च्या एका प्रयोगात पाण्याचे थेंब साखळीने उभे राहिले. थेंबांमधला रांगेचा दोषच त्यांना एकमेकांत मिसळू देत नव्हता.

सांगताना नजर शेवटच्या बाकावर गेली. मराठी शाळेतून आलेला मुलगा महिनाभर तिथे एकटाच बसत होता. रांग आम्हीच लावली होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही बाकांची मांडणी बदलली.