पाठ फिरवलेल्या रात्री

अँजिओप्लास्टीला आठ महिने झाले. गोळ्यांच्या डबीत सोमवार ते रविवार असे सात कप्पे. त्यातली मेटोप्रोलॉल ही बीटा ब्लॉकर गोळी डोळ्यांत खुपायची. शरीर साथ देईनासं झालं होतं आणि मी हिच्याकडे पाठ करून झोपायला लागलो होतो. दोनदा ती गोळी गुपचूप चुकवलीही.

आज धीर करून डॉक्टरांशी बोललो. त्यांनी शांतपणे समजावलं. काही बीटा ब्लॉकर आणि लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्यांनी ताठरता कमी होऊ शकते. पण दोष बऱ्याचदा एकट्या गोळीचा नसतो. हृदयाच्या धमन्या अरुंद करणारा आजार लिंगाच्या त्याहून बारीक धमन्यांनाही गाठतो. मधुमेह, तंबाखू, मनातली भीती त्यात भर घालतात. बीटा ब्लॉकर अचानक बंद करणं धोक्याचं. बदलायचं झालं तर नेबिवोलोलसारखा पर्याय आहे, पण तो त्यांनी ठरवायचा. आणि जिभेखाली नायट्रेटची गोळी ठेवणाऱ्याने ताठरतेसाठीचं सिल्डेनाफिल घ्यायचंच नाही. रक्तदाब एकदम कोसळून जीवावर बेतू शकतं.

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. ती बराच वेळ डबीचं झाकण उघडमीट करत राहिली. मग म्हणाली, "मला वाटायचं, मीच तुम्हाला नकोशी झालेय."

हे मी आठ महिन्यांपूर्वीच बोलायला हवं होतं.