डाऊनची गाडी, बुधाची माची

आम्हा बदलापूरकरांना दिशा एकच ठाऊक. अपची! सकाळी मुंबईकडे तोंड करून उभं राहायचं आणि रात्री चुरगळून परत यायचं. बदलापूरच्या पुढेही वांगणी, शेलू, नेरळ, भिवपुरी, कर्जत अशी स्टेशनं आहेत, हे आम्हाला फक्त इंडिकेटरवरून कळतं. मीही गेली आठ वर्षं अशीच. लेडीज डब्यातली चौथी सीट, मांडीवर पर्स आणि पर्सवर कादंबरी.

या कादंबऱ्यांनीच एक खूळ डोक्यात भरवलं. वाचलेल्या जागा प्रत्यक्ष बघायच्या! यात मी एकटीच वेडी नाही हं. डब्लिनमध्ये दर १६ जूनला जॉइसच्या 'युलिसिस'चे भक्त नायकाच्या वाटेवरून फिरतात. लंडनच्या बेकर स्ट्रीटवर शेरलॉक होम्सचं घर बघायला लोक तिकीट काढतात, तेही जो माणूस कधी जन्मलाच नाही त्याचं! ओरहान पामुकने तर 'म्युझियम ऑफ इनोसन्स' ही कादंबरी लिहिली आणि २०१२ मध्ये इस्तंबूलला त्याच नावाचं खरंखुरं म्युझियम उघडलं. माझ्या एक्सेल शीटमध्ये ही तिन्ही नावं होती. शेजारच्या कॉलममध्ये खर्च. तो कॉलम बघितला की शीट बंद!

एका रात्री बाबांनी मागून स्क्रीनवर डोकावलं. म्हणाले, "एवढ्या लांब कशाला? बुधाची माची कर्जतला आहे की."

बुधा म्हणजे गो. नी. दांडेकरांच्या 'माचीवरला बुधा'मधला. १९५८ सालची कादंबरी. मुंबईत जीव रमत नाही म्हणून एक म्हातारा राजमाचीवर, टेमलाईच्या पठारावर परततो. सोबतीला टिप्या नावाचा कुत्रा, झाडं आणि पाखरं. बस्स, एवढीच गोष्ट. शाळेत असताना मी ती अर्ध्यात सोडली होती. 'काही घडतच नाही' म्हणून!

बाबांनी कपाटातून त्यांची प्रत काढून दिली. पहिल्या पानावर पेन्सिलीने वर्षं लिहिली होती. १९८२. १९९४. २००५. २०१६. पाटण तालुक्यातलं गाव सोडून बाबा अंबरनाथच्या कारखान्यात लागले ते १९८२ मध्ये. कर्ज काढून बदलापूरला वन रूम किचन घेतलं ते ९४ मध्ये. २००५ म्हणजे २६ जुलैचा पूर, गाड्या बंद. आणि २०१६ ला रिटायर झाले. म्हणजे जेव्हा जेव्हा काही हललं, तेव्हा तेव्हा हे पुस्तक निघालं होतं.

"तुम्ही गेलात का हो कधी तिथे?"

"वाचलंय की मी," बाबा म्हणाले आणि दिवा मालवून झोपले.

पितृपक्षातल्या एका रविवारी मी निघाले. सोबत ऑफिसमधली उल्हासनगरची मैत्रीण, पक्की सिंधी. एरवी बदलापूरहून मी तिच्यासाठी जागा धरते. त्या दिवशी गाडी उलटी होती, त्यामुळे उल्हासनगरला चढून तिने माझ्यासाठी जागा धरली. डबा रिकामा. दोघींनी चक्क पाय पसरले!

कर्जतहून टमटमने कोंदिवडे. तिथून चालत कोंढाणे लेणी आणि मग खडा चढ. सोनकीने डोंगर पिवळे झाले होते. एसीत बसून बसून फुप्फुसांचं काय होतं, ते मला पहिल्या अर्ध्या तासात कळलं. उधेवाडीत पोचायला साडेतीन तास लागले. इथे श्रीवर्धन आणि मनरंजन असे दोन बालेकिल्ले आहेत आणि त्यांच्या पायथ्याशी हे गाव.

आता खरं सांगते. बुधा भेटला नाही. गावात वीज आहे, जेवणाचे बोर्ड आहेत. पावसाच्या तोंडावर काजवे बघायला इथे झुंबड उडते. ज्यांच्याकडे पिठलं-भाकरी खाल्ली, त्या मावशींना टेमलाईचं पठार विचारलं, तर त्यांनी भाकरी थापता थापता हाताने दिशा दाखवली. "त्ये काय, तिकडं." मला उगाच वाटलं होतं, कुणीतरी पाटी लावली असेल.

श्रीवर्धनवर चढलो. खाली उल्हास नदीचं अख्खं खोरं. हीच नदी पुढे बदलापूरला येते, आमच्या नळाला हिचंच पाणी. १९४९ मध्ये कल्याण कॅम्पचं नाव उल्हासनगर झालं, तेही हिच्यावरूनच. मैत्रिणीला हे सांगितलं. ती बराच वेळ खाली बघत राहिली. मग म्हणाली, "तुझ्या बुधाला परत जायला माची तरी होती यार. माझ्या दादाला कुठे होतं?"

तिचे आजोबा फाळणीनंतर सिंधमधून आले ते कॅम्पातल्या बराकीत. तिकडच्या घराची चावी म्हणे शेवटपर्यंत त्यांच्या ट्रंकेत होती. आठ वर्षं एका डब्यातून जातोय आम्ही. डाएट, बॉस, सेल, सगळं बोलून झालं होतं. हे कधीच नाही.

मला बाबांची ती चार वर्षं आठवली. गावचं घर केव्हाच पडलंय. परत जायचं असं त्यांच्याकडेही काही उरलेलं नाही. मग जायचं कुठे? तर पुस्तकात! आणि मी मात्र 'काही घडतच नाही' म्हणून ते मिटून ठेवलं होतं.

घरी पोचले तेव्हा बाबा जागे होते. टीव्ही चालू, पण आवाज बंद. पाय दुखतायत का, फोटो काढलेस का, असलं काही विचारलं नाही. एकच प्रश्न.

"कुत्रं होतं का गं तिथे?"

होतं. तांबूस रंगाचं. गावापासून तळ्यापर्यंत आमच्या मागे मागे आलं होतं. तसं सांगितल्यावर बाबा इतके मनापासून हसले, की डब्लिन आणि इस्तंबूलचा कॉलम मला एकदम स्वस्त वाटायला लागला.

त्यांच्या गुडघ्यांना कोंढाण्याचा चढ झेपणार नाही. पण लोणावळ्याहून गावापर्यंत पंधरा-सोळा किलोमीटरचा कच्चा रस्ता आहे आणि पाऊस सरला की त्यावर जीप चालते. मी म्हटलं, "बाबा, दिवाळीनंतर जायचं?"

या वेळी 'वाचलंय की मी' आलं नाही. बाबांनी टीव्ही बंद केला, भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि चष्मा शोधायला लागले.