सब्जाची चटणी

धाराशिवास आमच्या परसात सब्जाची एक ओळ आहे. चैत्र-वैशाखात तिचे बी भिजवून सरबतात घालावे, एवढाच तिचा उपयोग आम्हांस ठाऊक होता. इटलीतील जिनोव्हा शहरी याच जातीच्या झाडाची पाने लसूण, पाइनच्या बिया, चीज व ऑलिव्ह तेल घालून खलात कुटतात व त्या चटणीस 'पेस्तो' म्हणतात, हे कळताच आम्हांस राहवेना.

अडचण एकच. पाने खुडावयाची ती फुलोऱ्यापूर्वी. म्हणजे बियांवर पाणी सोडणे आले. मातोश्री म्हणाल्या, "उन्हातून आलेल्याला काय पाजशील, चटणी?" या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. अखेर अर्धी ओळ बियांसाठी राखली. उरलेल्या अर्ध्या ओळीची पाने, शेंगदाणे, लसूण व मीठ पाट्यावर वाटून वर करडईचे तेल घातले; चीज वगळले.

ज्वारीच्या भाकरीशी पहिला घास घेऊन मातोश्री इतकेच म्हणाल्या, "मिरची विसरलास."

पुढील पावसाळ्यात परसात सब्जाच्या दोन ओळी दिसल्या. विचारले, तर म्हणाल्या, "बियांसाठीच हो!"