चार वर्षांच्या परवान्यावरचा संसार

जर्मनीत भारतीय उपाहारगृहात आचारी म्हणून जाणाऱ्याला जास्तीत जास्त चार वर्षांचा परवाना मिळतो. मुदत संपली की परत यायचं, आणि तोच परवाना पुन्हा हवा असेल तर मध्ये तीन वर्षं जाऊ द्यायची. हे स्टुटगार्टला तंदूरवर कामाला गेले तेव्हा घरात सगळ्यांचं म्हणणं एकच होतं, चार वर्षं बघता बघता जातील, सूनबाईने कशाला जायचं? मला ते पटलं नाही. मोजूनच मिळणार असतील तर ती वर्षं एकत्र काढायची, असं आम्ही दोघांनी फोनवर ठरवलं.

बायकोच्या व्हिसाला काय लागतं ती यादी वाचायला लहान आहे. लग्नाचा दाखला, नवऱ्याचा पगार, आरोग्य विमा, राहायला पुरेशी जागा आणि जर्मन भाषेची ए-वन परीक्षा. जागेचं ह्यांनी बघायचं होतं. मोठ्या माणसामागे साधारण १२ चौरस मीटर धरतात, आणि हे तर हॉटेलच्या वरच्या खोलीत आणखी दोघा आचाऱ्यांबरोबर राहत होते. दिवसभर भट्टीपुढे उभं राहून सुट्टीच्या दिवशी घरं बघत फिरायचे. बाकीचं सगळं माझ्याकडे.

पहिला अडथळा माझ्या नावाचाच. आमच्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने सुनेचं नवं नाव लिहितात. माझंही लिहिलं होतं. त्यामुळे शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं, आणि बँकेत नाव माहेरचं पण आडनाव सासरचं. लग्नाची नोंद तर झालेलीच नव्हती. पत्रिका होती, फोटो होते, आणि तेवढ्यावर गावात कुणाचं कधी काही अडलं नव्हतं.

राजपत्रात नाव छापून घ्यायचं ठरलं तेव्हा मी माहेरचं, पाळण्यातलं नाव ठेवलं, आडनाव सासरचं. सासूबाई दोन दिवस काही बोलल्या नाहीत. मग भाकऱ्या थापता थापता म्हणाल्या, "माझं माहेरचं नाव ठाऊक आहे का तुला?" मला ठाऊक नव्हतं. त्यांनी सांगितलं. इतकी वर्षं ते कुणी विचारलंच नव्हतं.

नोंदणीचं काम आमच्या गावात ग्रामसेवकांकडे. भाऊसाहेबांनी नमुना ‘ड’ पुढे केला. त्यावर नवरा-बायकोच्या, तीन साक्षीदारांच्या आणि लग्न लावणाऱ्या भटजींच्या सह्या हव्यात. हे सुट्टीवर आले तेव्हा आधी हेच काम उरकलं. भटजी आता थकलेत, म्हणून त्यांच्या ओटीवर जाऊन सही घेतली.

मग भाषा. बायकोला आधी ए-वन झालंच पाहिजे, ही अट जर्मनीने २००७ मध्ये आणली. बाई तिथे गेल्यावर घरात कोंडली जाऊ नये, जबरदस्तीच्या लग्नांना आळा बसावा, अशी कारणं त्यामागे सांगतात. ती मला मान्य आहेत. पण शिकायचं कुठे? मॅक्सम्युलर भवन मुंबईत काळा घोड्याला, नाहीतर पुण्यात. मोबाइलवर वर्ग असतात, पण आमच्या वाडीत रेंज मिळायला टेकाडावर जावं लागतं. मी डोंबिवलीला आत्याकडे राहून शिकले. जिला तिथे आत्या नाही, जिच्या कडेवर मूल आहे, तिने काय करायचं? अट राहू द्या, पण बाई राहते त्या जिल्ह्यात शिकण्याची आणि परीक्षेची सोय करून मग ती घाला, असं मला मनापासून वाटतं.

शिकताना मात्र मला फार आनंद झाला. वर्गातल्या इंग्रजी माध्यमाच्या मुली आकड्यांना अडखळायच्या. जर्मनमध्ये सत्तेचाळीस म्हणताना आधी सात येतात, मग चाळीस. आपलंही तसंच असतं, त्यामुळे मला ते सरळ वाटायचं. नामांना तीन लिंगं, तीही आपल्या ओळखीची. कुठल्या वस्तूला कुठलं, एवढं नव्याने पाठ करायचं. बारावीनंतर माझं पुस्तक मिटलं होतं. तिथे मी पहिल्या बाकावर बसायचे.

परीक्षेत १०० पैकी ६० गुण लागतात. तोंडी परीक्षेत आधी आपली ओळख करून द्यायची, नाव, वय, देश, गाव, भाषा, काम, आवड. बहुतेक जणी कामापुढे गृहिणी म्हणतात. ‘मी शेती करते’ हे वाक्य मी बाईंकडून मुद्दाम शिकून घेतलं होतं. मग परीक्षकांनी नावाचं स्पेलिंग विचारलं. तिथे व्हीला ‘फाउ’ म्हणतात, डब्ल्यूला ‘वे’. माझ्या नावात एक आहे, आडनावात दुसरं. राजपत्रात छापून आणलेलं ते नाव मी एकेक अक्षर सुटं करून सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं आणि मान हलवली.

मुंबईत अर्ज दिला, बोटांचे ठसे दिले, ७५ युरोंची फी रुपयांत भरली. त्यानंतर नुसती वाट पाहायची. अर्ज मुंबईत घेतला तरी नवरा राहतो त्या शहराच्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची संमती लागते, आणि कागद तिथे कुठे पोचलाय ते इथे कुणाला सांगता येत नाही. लावणी झाली, कापणी झाली, झोडणीही झाली. मग पासपोर्ट आला, आत ९० दिवसांचा व्हिसा.

तिथे पोचल्यावर दोन आठवड्यांच्या आत पत्ता नोंदवायचा, त्याला घरमालकाचं पत्र लागतं, आणि मग राहण्याचं कार्ड. माझ्या कार्डाची मुदत ह्यांच्या परवान्याइतकीच. कामाचं मात्र वेगळं. ह्यांना त्या एका हॉटेलाबाहेर काम करायला मुभा नाही. मला कुठलंही काम करता येतं, तसं लिहूनच दिलंय. हे वाचून सर्वांत जास्त आनंद ह्यांना झाला. आता मी सकाळी एका बेकरीत जाते. गिऱ्हाईक पावांची संख्या सांगतं, मी पैसे सांगते.

ह्यांच्याबरोबरच्या एका आचाऱ्याची बायको राजापूरकडची आहे. तिचा रविवारी फोन येतो. मी आधी विचारते, लग्नाची नोंद झाली का? मग आम्ही एकपासून शंभरपर्यंत म्हणतो.