नाव घातलेलं पातेलं

साताऱ्यातल्या आमच्या वाड्यात दुपारी बोहारीण यायची. डोक्यावरची पाटी उतरवायला कुणीतरी हात लावावा लागे. पाटीत चकचकीत स्टील आणि पाठीशी जुन्या कपड्यांचं गाठोडं. वाड्यातल्या बायका आपापल्या ट्रंका उपसून जमायच्या आणि आम्ही पोरं कडेला उकिडवी बसायचो, कारण एवढी करमणूक फुकटात दुसरीकडे मिळत नसे.

वडिलांची पँट उजेडाकडे धरून ती बरोबर बुडाजवळची विरलेली जागा शोधायची. जरीचा काठ दिसला की बोटांनी चुरून बघायची आणि तोंड वाकडं करायची. “जर खोटी हाय, वहिनी.” आई म्हणायची, “माझ्या लग्नातलं लुगडं आहे गं, खोटी कशी असेल?” मग ती पाटी उचलून दिंडीपर्यंत जायची. आई ढिम्म. ती परत यायची. बाहत्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी तीन पँटी, दोन सदरे आणि ते लुगडं एवढ्यावर एक पातेलं ठरलं. आईनं त्यावर लगेच नाव घालून घेतलं. तो नावं घालणारा ठोके मारताना ‘मा’चा काना विसरला, तो आजतागायत तसाच आहे.

बोहारणीनं नाकारलेलं घरातच राहायचं. लुगड्याचा धड भाग गोधडीला वरून, फाटका आत. गोधडी विरली की तिचं बाळाचं दुपटं, दुपट्याचं पायपुसणं आणि पायपुसण्याची शेवटी जमीन सारवायची चिंधी. आमच्या पिढीतल्या कुणालाही विचारा, आजीच्या धोतरजोडीचा (म्हणजे आजोबांच्या, पण ताबा आजीचा) असा प्रवास त्यांना पाठ असेल. वह्यांची उरलेली कोरी पानं शिवून पुढच्या वर्षीची कच्ची वही व्हायची. वाण्याच्या पुडीचा दोरा गुंडीला गुंडाळला जायचा आणि पुडीचा कागद आधी वाचला जायचा. अर्धवट गोष्टी वाचायची सवय आम्हाला तिथूनच लागली. शेवटचा परिच्छेद नेहमी दुसऱ्या कुणाच्या तरी शेंगदाण्यांभोवती असायचा.

स्वयंपाकघरातून तर बाहेर जायला काही उरतच नसे. दोडक्याच्या शिरांची चटणी, कोथिंबिरीच्या काड्या आमटीत, तुपाची बेरी साखर घालून आमच्या हातावर. पिठाचा कोंडा, शेंगांची टरफलं, तांदळाचं धुवण गवळ्याच्या म्हशीला. करवंट्या, कणसाची बुरकुंडं, वाळलेल्या कोयी बंबात. बंबाखालची राख आजी फडक्यातून चाळायची. बारीक राख भांडी घासायला आणि कडधान्यात कीड लागू नये म्हणून, जाडी भरडी परसात. न्हाणीचं पाणी अळवाला आणि केळीला. ‘कचरा’ हा शब्द आमच्याकडे मुख्यतः केरसुणीच्या टोकाशी असलेल्या चिमूटभर धुळीसाठी आणि तांदळातल्या खड्यांसाठी वापरला जाई.

उरलंसुरलं परसाच्या कोपऱ्यातल्या उकिरड्यावर. बारा वर्षांनी उकिरड्याचेही दिवस पालटतात म्हणतात. आमचा उकिरडा दर वैशाखात पालटायचा. पावसाच्या आधी बैलगाडी यायची, वरचा थर बाजूला सारला की खालून काळंभोर, मातीच्या वासाचं खत निघायचं आणि शेतात जायचं. हेच काम शास्त्राच्या शिस्तीनं इंदूरला झालं होतं. अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी १९३१ मध्ये शेतातल्या टाकाऊ मालाच्या खतावर पुस्तक लिहिलं आणि पालापाचोळा, शेण, राख यांचे थर देऊन ढीग वरखाली करायची ती पद्धत ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगभर गेली. आजीला ना हॉवर्ड माहीत होते ना वाड, पण शेणावर पाचोळा टाकल्याशिवाय ती कुणाला उकिरड्यावरून हलू द्यायची नाही.

हे सगळं लिहिताना गळा भरून यायची फॅशन आहे, तिच्यात मला पडायचं नाही. आम्ही काही पर्यावरणवादी नव्हतो. घरात पैसा कमी आणि माणसं फार होती. शिवाय राख चाळणारे, गोधडी शिवणारे, शिरा किसणारे हात बायकांचेच होते, आणि त्या हातांचे तास कुणी मोजले नव्हते. आणखी एक गोष्ट स्मरणरंजनात सहसा येत नाही. वाड्याच्या मागच्या बोळात टोपलीचे संडास होते. पहाटे ती टोपली डोक्यावर घेऊन जाणारी माणसं होती आणि त्यांना पाणी वरून ओतलं जाई. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धन मैल्याचं सोनखत करून दाखवत होते, डोक्यावरची टोपली जावी म्हणून स्वतः सफाई करत होते. आमच्या वाड्यात मात्र आपल्या संडासातलं कुठे जातं, हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही.

पुढे लग्न होऊन मी पुण्याला, कोथरूडला आले. दुधाची पहिली प्लॅस्टिकची पिशवी आईनं माझ्या घरी पाहिली ती धुऊन, उलटी करून, चिमटा लावून दोरीवर वाळत घातली. कापडासारखीच तिचीही वंशावळ असणार, असा तिचा समज. वर्षभरात गादीखाली पिशव्यांनी भरलेली पिशवी झाली आणि मग आईच्याही हाताबाहेर गेलं. आमच्या रस्त्यालाच तेव्हा कचरा डेपो होता. त्या जागेवर आता मेट्रोच्या गाड्या उभ्या राहतात. पुण्याचा कचरा मग उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या वाटेला लागला. तिथल्या विहिरींचं पाणी खराब झालं आणि गावकरी गाड्या अडवू लागले. गाड्या अडल्या की आमच्या कोपऱ्यावरची कुंडी ओसंडायची आणि आम्ही नाकाला पदर लावून महापालिकेला नावं ठेवायचो. कुंडीत केळीची साल, काचेचा पेला, बॅटरीचे सेल, सगळं एकाच पिशवीत आम्हीच टाकलेलं असे.

ओला, सुका आणि घरगुती घातक असं तीन जागी ठेवायला २०१६ च्या नियमांनी सांगितलं, तेव्हा मी सोसायटीत मोठ्या तोऱ्यात म्हटलं, “हे तर आमच्या आजीचंच.” आणि गॅलरीत खताचा ड्रम आणला. तिसऱ्या आठवड्यात आळ्या भिंतीवरून शेजारच्यांच्या तुळशीपर्यंत पोचल्या. वास असा की पाहुणे दारातूनच परत जावेत. चूक साधी होती. मी नुसती सालं, शिळा भात आणि आमटीचा गाळ दाबून भरत होते. आत हवा नव्हती, कोरडं काही नव्हतं. कोरडा पाला नसला की ओला ढीग कुजत नाही, सडतो. आजी पाचोळ्यासाठी का ओरडायची, ते मला साठाव्या वर्षी कळलं. आता एका वाटीला दोन वाट्या वाळका पाला, आठवड्याला आंबट ताकाचा शिपका आणि काठीनं ढवळणं. तीनेक महिन्यांनी खत निघतं. आळ्या अजूनही असतात, पण त्या आपल्या घरात राहतात.

सुकं घेऊन जायला ‘स्वच्छ’च्या ताई येतात. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरा वेचणाऱ्यांची संघटना बाबा आढावांच्या पुढाकारानं १९९३ मध्ये उभी राहिली आणि तिच्यातूनच पुढे ही सहकारी संस्था निघाली. एकदा फुटलेली बरणी मी तशीच पिशवीत टाकली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी काही न बोलता तळहात पुढे केला. अंगठ्याखाली चिंधी बांधलेली होती. तेव्हापासून काच जाड कागदात, वरून दोरा, आणि त्यावर पेननं ‘काच’. दोरा मिठाईच्या खोक्याचा. तो मी गुंडाळून ठेवते.

ओट्याखाली सालं साठवायला आईचं तेच पातेलं आहे, काना नसलेलं. परवा ताईंनी ते उचलून वजनाचा अंदाज घेतला.

“काकू, जुनं स्टील जड असतं बघा. मोडीत काढायचं झालं तर मला सांगा.”

“जर खोटी आहे हो,” मी म्हटलं. त्यांना ते कळलं नाही. किलोला काय भाव देतात, ते मात्र मी विचारून ठेवलं.