पिवळं नेमकं कुठलं पान?

उसाचा खोडवा पिवळा पडला की सल्ला ठरलेला: युरिया टाका. ४५ किलोची गोणी, त्यात ४६ टक्के नत्र, भावही सरकारने बांधून दिलेला. हात आधी तिकडेच जातो. जाणता माणूस मात्र सरीत उतरतो आणि आधी पान पाहतो.

नत्र झाडात फिरतं. ते कमी पडलं की ऊस जुन्या पानांतलं काढून कोवळ्या पानांना पुरवतो, म्हणून खालची पानं आधी पिवळी पडतात. लोहाचं तसं नाही; ते जिथे गेलं तिथेच राहतं. त्याची ओढ लागली की पोंग्याजवळची पानं बिघडतात: शिरा हिरव्या, मधले पट्टे पिवळे, दुखणं वाढलं तर पान पार पांढरं. शेतकरी म्हणतात, ‘केवडा पडला.’ बांधावरून दोन्ही रानं सारखीच पिवळी दिसतात, तिथेच फसगत होते.

गंमत म्हणजे केवड्याच्या रानात लोह पुष्कळ असतं. आपल्या काळ्या जमिनी बेसाल्टच्या, आणि त्या खडकातच लोह आहे. पण सामू आठाच्या वर, मातीत चुनखडी आणि सरीत पाणी तुंबलेलं, की ते मुळांना मिळत नाही. अशा रानात वरून फेकलेल्या युरियातलं बरंचसं नत्र अमोनिया होऊन उडतं. लोहासाठी नुसतं फेकलेलं हिराकसही (फेरस सल्फेट) चुनखडीत अडकतं. म्हणून हेक्टरी २५ किलो हिराकस दसपट शेणखतात चार-पाच दिवस मुरवून द्यायची शिफारस आहे. तुंबलेलं पाणी मात्र आधी काढायला हवं; ते राहिलं तर हिराकसाचा खर्च वाया.

२०१५ साली आलेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा घटक तपासले जातात. नमुनाच चुकीचा असेल तर त्या आकड्यांना काय अर्थ? बांधाकडची, झाडाखालची, उकिरड्याजवळची माती घ्यायची नाही. लोह तपासायचं असेल तर गंजकं खुरपंही नको.

माती साठा सांगते. झाडाला त्यातलं किती मिळालं, ते पानच सांगतं. द्राक्षवाले खरड छाटणीनंतर साधारण ४५ दिवसांनी देठ तपासून घेतात, ते यासाठीच.

तेव्हा कृषी सहायकाला फोटो पाठवायचा असेल, तर पोंग्याजवळचं आणि बुडख्याजवळचं अशी दोन्ही पानं शेजारी ठेवून काढा. एकट्या पिवळ्या पानावरून त्यालाही अंदाजच बांधावा लागतो.