क्रम विसरणारा गुणाकार

‘लीलावती’तल्या अंकपाशाचा एक प्रश्न मी सांबऱ्यात शिकवणीच्या मुलांना हमखास घालतो. पाच अंकी संख्या, शून्य एकही नाही, अंकांची बेरीज १३. अशा संख्या किती? भास्कराचार्यांचं उत्तर ४९५. ‘९११११ आणि १९१११ वेगळ्या कशा, सर? अंक तर तेच,’ असं कुणीतरी विचारतंच. मी त्याचीच वाट बघत असतो. भास्कराचार्यांना मांडणी मोजायची होती. आपल्याला १३ चे पाच तुकडे कसे पडतात एवढंच हवं असेल तर?

तर प्रत्येक तुकड्याला त्या क्रमांकाची मूळ संख्या द्यायची. १ ला २, २ ला ३, ३ ला ५, ४ ला ७. नववी मूळ संख्या २३, ती ९ ला. मग सगळ्यांचा गुणाकार. ९+१+१+१+१ म्हणजे २३×२×२×२×२, म्हणजे ३६८. तुकडे कसेही मांडा, ३६८च येणार. त्या ४९५ संख्या अशा १८ गुणाकारांत गोळा होतात. या गुणाकाराला हाइन्झ क्रमांक म्हणतात. गोडेलनं १९३१ मध्ये मूळ संख्यांनीच सूत्रं बांधली, पण त्याला चिन्हांचा क्रम जपायचा होता, म्हणून त्यानं तो घातांकांत ठेवला. इथे क्रम विसरायचाय, आणि ते काम गुणाकार आपणहून करतो. मला या युक्तीतलं हेच सर्वांत आवडतं.

उलटं जाणंही तितकंच सोपं. ६० घ्या. २×२×३×५, म्हणजे १+१+२+३. हे ७ चं विभाजन. मूळ अवयव एकाच तऱ्हेनं पडतात, हे गाऊसनं १८०१ मध्ये नीट सिद्ध केलं, म्हणून उत्तराबद्दल शंका राहत नाही. एकही संख्या वाया जात नाही. १ सुद्धा ‘काहीच तुकडे नाहीत’ असं सांगतो.

प्रोग्रॅम लिहिताना मी विभाजनांच्या याद्या न ठेवता हेच क्रमांक ठेवतो. n च्या विभाजनांत सर्वांत मोठा क्रमांक सगळ्या एकांचा, २ चा n वा घात. त्यामुळे चिन्हरहित ६४ बिटांत ६३ पर्यंतची सगळी विभाजनं निर्धास्त मावतात. ६४ ला मोठ्या पूर्णांकांची सोय करावी लागते.

चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी त्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला. १२०७ चा शिलालेख आजही तसं सांगतो. अंकपाश तिथेही कुणी शिकलं असेल, या विचारानं मला फळ्यापुढे बळ येतं.

परवा मुलांना विचारलं, १+१+२+३ मध्ये ३+१ आहे का? एकीनं यादी न तपासता ६० ला १० नं भागलं. उरले ६, म्हणजे २+१.